दोन लबाड, एक हंडा आणि सोन्याचे वजन

परभणीच्या एका तरुण लेखकाने आपल्या तीन कथा वाचायला देऊन प्रश्न विचारला आहे तो असा : यादवकाळातील मराठवाड्यात हिंडणारे दोन लबाड धनशोधक नायक, त्यांच्या हाती तलवारी, समोर मंत्रतंत्र आणि भुयारे, असा सगळा साज जमवूनही वाचणारे म्हणतात की दोन परदेशी माणसांना धोतर नेसवले आहे, तर नेमके चुकते कुठे? गेली अठ्ठावीस वर्षे मी अंबाजोगाईत बसून दिवाळी अंकांसाठी याच जातीच्या साहसकथा लिहीत आलो आहे आणि त्यांतल्या निम्म्या तरी फसल्या आहेत. म्हणून हे उत्तर थोडे लांबेल.

तिन्ही कथा मी दोनदा वाचल्या. वर्णने चांगली आहेत, वेग आहे. धोतराचा किंवा पागोट्याचा येथे काहीच दोष नाही. तुमच्या कथांत कशालाच वजन नाही, ही खरी अडचण आहे. सोने उचलताना हात भरून येत नाही, जादू करणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागत नाही, तलवार चालवणारा दमत नाही आणि दोन मित्रांच्या मैत्रीला तीन कथांत मिळून एकदाही तोशीस लागत नाही. परदेशी वाटते ते यामुळे, कारण जेथे वजन नसते तेथे जमीनही नसते.

अशा साहसकथांना दिलेले ‘तलवार-जादू’ हे नाव इंग्रजीवरून आले आहे. इंग्रजीतले ते नाव फ्रिट्झ लायबर या अमेरिकी लेखकाने १९६१ मध्ये सुचवले. त्याची स्वतःची चोरांची जोडी, एक धिप्पाड आणि एक चपळ, मात्र १९३९ पासूनच छापून येत होती. या प्रकाराचा गाभा एवढाच की येथे राज्य तारायचे नसते, जगाचा उद्धार करायचा नसतो. आजची रात्र निभवायची असते आणि जमले तर उद्याची सोय लावायची असते. हे आपल्याला नवे आहे असे मानण्याचे मात्र कारण नाही. वेताळपंचविशीत मूलदेव आणि शशी ही धूर्तांची जोडी आहे. मूलदेवाजवळ एक गोळी असते. ती तोंडात धरली की पुरुषाची स्त्री होते आणि काढली की पुन्हा पुरुष. या गोळीचा नीट विचार करा. जोवर ती तोंडात आहे तोवरच जादू टिकणार, म्हणजे खाताना, बोलताना, ठसका लागला तर, प्रत्येक क्षणी घात होऊ शकतो. एवढी घरगुती आणि एवढी भयंकर अट तुमच्या तिन्ही कथांतल्या एकाही मंत्राला नाही. ‘मृच्छकटिका’तला शर्विलक भिंत फोडताना भोक कमळाच्या आकाराचे पाडावे, सूर्याच्या, स्वस्तिकाच्या की पूर्णकुंभाच्या, याचा विचार करतो, मोजण्याची दोरी विसरली म्हणून गळ्यातल्या जानव्याने माप घेतो, आणि आत शिरल्यावर जमिनीत पुरलेले धन आहे का हे पाहण्यासाठी मंतरलेले बी टाकतो, ते फुगत नाही, म्हणजे घर खरोखरीच दरिद्री आहे हे त्याला कळते. तो चोर उज्जैनचा असला तरी आपल्या कारागिरीचा त्याला असलेला अभिमान कोणत्याही गावच्या सुताराला ओळखीचा वाटेल.

आता सोन्याकडे येतो, कारण तुमची पहिली कथा तेथेच कोसळते. यादवांचे सोन्याचे नाणे म्हणजे पद्मटंक : वाटीसारखे किंचित खोलगट, मध्ये कमळाचा ठसा, वजन चार ग्रॅमांहून थोडे कमी. दहा लिटर पाणी मावेल अशी मध्यम कळशी घ्या आणि ती या नाण्यांनी भरा. नाणी कितीही हलवून बसवली तरी मध्ये पोकळी राहतेच. निम्मी कळशी पोकळीत गेली असे धरले तरी उरलेल्या पाच लिटर सोन्याचे वजन पंचाण्णव किलोंच्या वर जाते. ही सुमारे पंचवीस हजार नाणी झाली. तुमचा नायक असला हंडा काखेत मारून तटावरून उडी टाकतो. कधी मोंढ्यात जाऊन क्विंटलचे पोते पाठीवर घेतलेला हमाल पाहा. तो बोलत नाही, मान वळवत नाही, गुडघे किंचित वाकवूनच चालतो आणि थप्पीपाशी पोचला की पोते ठेवत नाही, टाकतो. मग पाच-सहा श्वास तो कोणाकडेच पाहत नाही. तुमच्या नायकाला तेवढे पाच-सहा श्वास द्या, म्हणजे वाचकाला ते सोने खरे वाटू लागेल.

शिवाय वजनातूनच कथानक निघते, हा त्याचा मोठा लाभ. दोघांनी मिळून हे धन पाठीवरून नेणे शक्य नाही, म्हणून बैल हवा. बैल आला म्हणजे बैलवाला आला. आणि गुप्त गोष्टीत तिसरा माणूस आला की कथा आपोआप पुढे सरकते. बैल नको असेल तर अर्धे धन तेथेच ठेवून जावे लागेल, आणि मागे राहिलेले ते अर्धे धन पुढच्या चार कथांना पुरेल. अंतरांचाही असाच हिशेब ठेवा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचहून पैठण वीस दिवसांच्या आणि पैठणहून तगर, म्हणजे आपले तेर, आणखी दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे नोंदले आहे. म्हणजे लादलेल्या जनावरांचा तांडा दिवसाला वीस किलोमीटरांच्या आतबाहेर चालला. तुमचे नायक पैठणला जेवून संध्याकाळी तेरच्या वेशीत शिरतात, ते घोड्यावरूनही जमणार नाही.

धन सापडल्यावर कायद्याचे काय, हा प्रश्नही रंगतदार आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगितले आहे की निधी सापडल्याची वर्दी देणाऱ्यास सहावा हिस्सा मिळावा, तो चाकर असेल तर बारावा, आणि निधी एक लाखाच्या वर गेला तर तो राजाचा. या आकडेमोडीवर दोन लबाडांनी एका धर्मशाळेत रात्रभर हुज्जत घातली तर ते चित्र मला कोणत्याही राक्षसवधापेक्षा अधिक आवडेल. प्रामाणिकपणाचा भाव सहावा हिस्सा, आणि त्यातही आपण एकमेकांचे चाकर नाही हे सिद्ध करता आले तरच!

जादूविषयी मला सर्वांत अधिक लिहायचे आहे, कारण येथे आपली जमीन आपल्याला तयार नियम देते आणि आपण ते सोडून ज्वाळा फेकणारे जादूगार आयात करतो. गुप्तधनाविषयीच्या आपल्याकडच्या समजुती एखाद्या शास्त्रासारख्या बांधेसूद आहेत. पायाळू, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेला माणूस, डोळ्यांत अंजन घातले की भूमीतले धन पाहू शकतो. धनावर नाग बसलेला असतो. धन एका जागी राहत नाही, ते सरकते. आणि ज्याच्या नशिबात नाही त्याने हंडा उघडला तर मोहरांचे कोळसे झालेले दिसतात. माझ्या लहानपणी आमच्या गावाबाहेरच्या पडक्या गढीत दर पावसाळ्याआधी नवे खड्डे दिसत आणि शेजारच्या देवळातल्या दगडी नंदीची पाठ कोणीतरी पहारीने फोडली होती, कारण नंदीच्या पोटात हिरे असतात असे कोणीतरी कोणाला सांगितले होते. आत दगडच होता. फुटलेल्या पाठीत पावसाचे पाणी साचे आणि चिमण्या तेथे पाणी पीत. धनशोधकांच्या कथा लिहायला बसलो की आजही मला आधी तो नंदी आठवतो, आणि नायकांच्या मागे काय मोडून पडले हे सांगितल्याशिवाय प्रकरण संपवू नये असे वाटते.

याच ठिकाणी एक सावधगिरी सांगणे मला भाग आहे. तुमच्या दुसऱ्या कथेत गावाच्या कडेला राहणारी एक म्हातारी चेटूक करते आणि शेवटी गावकरी तिचे खोपट पेटवतात. नायक टाळ्या घेतात. ती म्हातारी कथेतून काढून टाका. मराठवाड्यात भानामती हा शब्द अजून गोष्टीपुरता उरलेला नाही. या शब्दाने खऱ्या घरांवर, बहुधा एकट्या बाईवर, आळ आला आहे आणि गुप्तधनाच्या नावाखाली खऱ्या माणसांना लुबाडले गेले आहे. २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याला या गोष्टी नावानिशी नमूद कराव्या लागल्या त्या उगीच नाहीत. कल्पित कथेत जादू खरी असू शकते, पण ती कोणाच्या हाती द्यायची हे लेखक ठरवतो. ती दरबारच्या ज्योतिष्याच्या हाती द्या, देणगीवर पोसलेल्या मठपतीच्या हाती द्या, व्याजाच्या वहीत माणसांची नावे बांधून ठेवणाऱ्या सावकाराच्या हाती द्या. ज्याच्याकडे आधीच सत्ता आहे त्याच्याकडे जादू असली की दोन फाटक्या लबाडांनी त्याच्याशी झुंजण्यात मौज येते.

किंमत कशी लावायची, याचे एक उदाहरण मी करून दाखवतो. तुमच्या जोडीतला धाकटा पायाळू आहे असे धरा. अंजन घातले की त्याला धन दिसते, पण प्रत्येक वेळी डोळ्यांतून एकेक रंग निघून जातो. पहिल्या कथेत निळा गेला, तेव्हा त्याला वाटले की आभाळच भरून आले आहे. मग तांबडा गेला. पाचव्या कथेत पिवळा जातो. आता त्याला धन कोठे आहे ते कळते, पण हाती आलेले सोने की पितळ हे रंगावरून ओळखता येत नाही; ते त्याने सोबत्याला विचारायचे.

“पिवळंच हाय ना रं?” सारंगाने विचारले.

नागोने नाणे दिवटीजवळ नेले, अंगठ्याने घासले, पुन्हा पाहिले.

“हाय,” तो म्हणाला, आणि नंतर बराच वेळ काहीच बोलला नाही.

एवढ्या तीन ओळींत जादूची किंमत, सोन्याचा मोह आणि मैत्रीची कसोटी एकाच जागी येतात. नागो खरे बोलला की खोटे, हे त्या पानावर सांगू नका.

याचा अर्थ असा की जोडीतले दोघे केवळ एक धिप्पाड आणि एक चपळ, एक हसरा आणि एक घुमा, असे वेगळे असून भागत नाही. एकाला दुसऱ्याची गरज अशा जागी हवी की जेथे दुसरा त्याला सहज फसवू शकतो. मी माझ्या पहिल्या दहा-बारा कथांत दोन्ही नायकांना सगळेच येते असे दाखवले होते. एका संपादकांनी त्या परत करताना समासात फक्त एवढेच लिहिले होते की यांतला एक कमी केला तरी चालेल. तेव्हा राग आला होता. आज ते वाक्य मी नव्या लेखकांना स्वतःचेच असल्यासारखे सांगतो.

सापळ्यांचाही असाच विचार करा. तुमच्या भुयारांत भिंतीतून भाले सुटतात आणि गोल शिळा गडगडत येतात. शतकानुशतके त्या यंत्रांना तेल कोण घालतो? दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी एकदा मशाल विझवून चढून पाहा. तेथे यंत्र असे काहीच नाही. वळत वर जाणारा खडकातला मार्ग, पायऱ्या मुद्दाम ओबडधोबड, उजेड दिसतो म्हणून धावावे तर खाली खंदकात पडावे अशी फसवी वाट, आणि वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण, ज्यावर विस्तव पेटवून धूर आत सोडायचा. काळोख, धूर आणि घाबरलेला माणूस एवढ्या तीनच वस्तूंवर तो सापळा चालतो, आणि त्याला तेल लागत नाही. रक्षक म्हणून राक्षस उभा करण्यापेक्षा पितळखोऱ्याच्या लेण्यात सापडलेला यक्ष पाहा, जो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ठेंगणा, पोट सुटलेला, डोक्यावर पात्र धरलेला आणि गालभर हसणारा; त्याच्या हातावर कोरले आहे की हा कान्हदास सोनाराने केला. धनाचा राखणदार, सोनाराने घडवलेला, आणि वर हसतो आहे. मला तरी दहा तोंडांच्या सर्पापेक्षा त्या हसण्याची अधिक भीती वाटेल.

काळाच्या चुका थोडक्यात सांगतो. तुमची तिसरी कथा यादवकाळात घडते आणि नळदुर्गच्या पाणी महालात संपते. तो धरणाच्या पोटातला महाल इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीतला, १६१३ च्या सुमाराचा आहे. फिरंग म्हणजे परदेशी पात्याची तलवार, ती पोर्तुगीज आल्यानंतरची. यादवकाळात मिरची नाही, तंबाखू नाही, भुईमूग नाही, मका नाही. तिखटासाठी मिरी आहे. विक्रांत आणि रुद्र ही नावे आजच्या बालवाडीच्या हजेरीपटावरची आहेत. लीळाचरित्रात नागदेव, म्हाइंभट, महदाइसा, बाइसा अशी नावे भेटतात, तिकडे एकदा डोकावा. शस्त्रांसाठी गावातल्या मारुतीच्या देवळाबाहेरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड, पाहा. खालच्या चौकटीत माणूस कोणत्या पवित्र्यात ढाल-तलवार धरतो ते दगडातच दिसते. तलवार एक-सव्वा किलोची असते आणि दहा-बारा जोरदार वारांनंतर खांदा जड होतो, म्हणून झुंज अर्ध्या पानात संपवा. या सगळ्या बंधनांचा कंटाळा आला असेल तर सरळ एक कल्पित नगर वसवा, त्याला अंधारी देवगिरीची द्या, धरण नळदुर्गचे द्या, बाजार पैठणचा द्या. मग कोणी तारखा विचारणार नाही. पण खरे नाव घेतले की खरा काळ पाळावा लागतो.

खऱ्या काळात राहायचेच असेल तर इतिहासातल्या फटी शोधा. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर अचानक चालून आला तेव्हा यादवांची मुख्य फौज दूर होती. रामदेवरायाने घाईने किल्ल्याचा आश्रय घेतला आणि व्यापाऱ्यांनी टाकून दिलेली पोती धान्याची समजून वर नेण्यात आली; पुढे ती फोडली तेव्हा आत मीठ निघाले, अशी हकीकत चालत आली आहे. आता त्या गोंधळाच्या रात्री तुमचे दोघे कोठारात शिरले आहेत अशी कल्पना करा. नागोला चोरलेला हार लपवायचा आहे म्हणून तो एका पोत्याला चीर पाडून हात आत खुपसतो आणि बोटावरच्या ताज्या जखमेला झोंबते. तो बोट चाटतो. राजाला, सेनापतीला, कोठीवाल्याला जे ठाऊक नाही ते या क्षणी दोन चोरांना ठाऊक आहे. ते सांगायचे तर आपण कोठारात का होतो हेही सांगावे लागेल, म्हणजे मान गेली. गप्प राहायचे तर किल्ल्यात अडकलेले आपणही उपाशी मरणार. आणि तिसरी वाट अशी की तटाखालच्या छावणीत या बातमीला कोणत्याही हारापेक्षा अधिक मोल येईल. दोघांपैकी कोणाला कोणती वाट आठवेल हे तुम्ही ठरवा. मात्र दोघांना एकच वाट सुचू देऊ नका. येथे शेवट आधीच ठाऊक आहे, देवगिरीला तह करावा लागला आणि अपार संपत्ती द्यावी लागली. तुमच्या कथेत उत्कंठा राहील ती त्या दोघांचे काय झाले याचीच.

धन नेहमी सोनेच असावे असेही नाही. गुणाढ्याची दंतकथा आपल्या पैठणच्या सातवाहन दरबारातली आहे : पैजेत हरून भाषा सोडलेल्या त्या पंडिताने पैशाची नावाच्या भाषेत स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, राजाने ती नाकारली, तेव्हा पशुपक्ष्यांना वाचून दाखवत त्याने सहा लाख श्लोक अग्नीत टाकले आणि एकच लाख वाचले. त्या सहा लाखांतली अर्धवट जळालेली दहा पाने कोणाकडे तरी आहेत, असे एखाद्या विद्वानाने तुमच्या निरक्षर जोडीला सांगितले तर? सोने ओळखायला सोबती पुरतो, पण ही पाने खरी की खोटी हे दोघांपैकी कोणालाच कळणार नाही. महानुभावांच्या सकळ आणि सुंदरी या सांकेतिक लिप्याही अशा कथेत कामी येतील.

भाषेचे म्हणाल तर निवेदन प्रमाण मराठीत राहू द्या आणि बोली संवादांपुरती ठेवा, तीही चिमूटभर. तुम्ही परभणीचे आहात, तर पात्राच्या तोंडी ‘काय करायलास’ येऊ द्या. लातूर-उदगीरकडचे ‘करलालास’ त्याच माणसाच्या तोंडी घातलेत तर दोन्हीकडचे वाचक हसतील, आणि ते तुम्हाला नको असलेल्या जागी.

आता लगेच करण्यासारखे एक काम. तिसऱ्या कथेचा काळ बदला किंवा नगर कल्पित करा, आणि शेवटचे पान पुढे वाढवा. सध्या धरणाच्या पोटातल्या त्या खोलीत, बाहेर पाण्याचा पडदा कोसळत असताना, दोघे हंडा उघडतात आणि कथा संपते. तेथून पुढचा तास लिहा. हंडा दोघांना हलत नाही, बैल आणायला एकाने गावात जायला हवे, आणि मागे कोण बसणार हे उजाडायच्या आत ठरायला हवे. त्या तासात तलवार म्यानातच राहू द्या. लिहून झाले की पाठवा. कोण बैल आणायला गेला हे वाचायची मला उत्सुकता आहे.